अळंबीची तारीख

अळंबी पाहायला माणसं घेऊन सह्याद्रीत जायचं असेल तर तारीख सगळ्यात शेवटी ठरते. आधी गाव, मग तिथलं सोबत कोण येणार ते, मग आपली माणसं किती, तारीख पावसाकडे. पुण्यातल्या नोकरदार माणसांना हे पटायला वेळ लागतो, कारण त्यांना रजा टाकायची असते, गाडी सांगायची असते. तरीही आर्द्रा नक्षत्र लागलं की मी आंबेगाव तालुक्यातल्या एका वाडीवर फोन करायला लागते. तरणा पाऊस कसा पडला? झड किती दिवस होती? मध्ये उघडीप मिळाली का? पुनर्वसूचा तरणा आणि पुष्याचा म्हातारा या दोन पावसांच्या मध्ये कुठेतरी, जमीन ओली आणि हवा उबदार असताना, तिकडून निरोप येतो. मग दोन दिवसांत निघायचं.

हे मी शिकले ते सावंतवाडीजवळच्या आत्याकडून. श्रावणात ती आणि शेजारच्या दोघी अळमी काढायला जायच्या. आदल्या संध्याकाळी पडवीत बसून त्यांचं ठरायचं: कुणी कुठल्या वारुळाकडे जायचं, परतताना कुठे भेटायचं, कुठली जागा यंदा मोकळी सोडायची. हे शेवटचं मला फार नंतर कळलं. एक वारूळ त्या दोन-दोन वर्षं चुकवायच्या. पहाटे निघताना सरळ पाणंदीने न जाता मळ्याच्या कडेने वळसा घ्यायच्या, म्हणजे मागून कुणी येऊ नये. काढताना आत्याची एकच सूचना असायची, "सगळी काढू नको गो, आणि वारुळाक हात लावू नको." पूर्ण उघडलेल्या काही छत्र्या तशाच ठेवायच्या, उकरलेली माती परत दाबायची. मला ते देवाचं काम वाटायचं.

त्यामागचं कारण कॉलेजात समजलं, आणि आत्याबद्दलचा आदर वाढला. या अळंबीची बुरशी वाळवी वारुळाच्या आत वाढवते. वाळवी पालापाचोळा खाते, तिच्या विष्ठेचा सच्छिद्र पोळ्यासारखा गोळा रचते आणि त्यावर ही बुरशी वाढते. लाकडातलं जे वाळवीला पचत नाही ते ही बुरशी पचवून देते. पावसात त्या गोळ्यातून लांबलचक, मुळासारखा दांडा वर येतो आणि जमिनीवर छत्री उघडते. रॉजे एम या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1942 मध्ये या प्रजातीला टर्मिटोमायसिस हे नाव दिलं. धिंगरी किंवा बटण मशरूमसारखी हिची शेती जमलेली नाही, कारण वाळवीशिवाय ती नीट येत नाही. म्हणजे बाजारात टोपलीत दिसणारी प्रत्येक अळंबी कुठल्यातरी जिवंत वारुळावरून आलेली असते. वारूळ फोडलं की ती जागा गेली. गोव्यात तिला ओलमी म्हणतात; तिचे भाव दर पावसाळ्यात चढे असतात, आणि छत्री उघडण्याआधीच ती खुडली जाते; बीजाणू मातीत पडायचे राहूनच जातात.

कॉलेजची वनस्पतिशास्त्राची सहल म्हणजे सगळा वर्ग, एक लाल बस, पत्र्याचे डबे, दाबयंत्र आणि रद्दीचे गठ्ठे. सर पुढे, त्यांच्याभोवती सात-आठ जण, आणि बाकीची रांग मागे पायवाटेवर गप्पा मारत. पुढे सापडलेली छत्री मागच्यांपर्यंत पोहोचेपर्यंत तिचा चुरा झालेला असे. अशा सहलींचा इतिहास जुना आहे. इंग्लंडमध्ये हेरफर्डच्या वूलहोप क्लबने 1868 मध्ये खास बुरशी शोधण्यासाठी मंडळी जमवून जंगलफेरी काढली, आणि त्याच परंपरेतून पुढे 1896 मध्ये ब्रिटिश मायकॉलॉजिकल सोसायटी उभी राहिली. आपल्याकडे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत अजरेकरांच्या नावाचा बुरशीसंग्रह आहे. तिथली सुकवलेली पाकिटं पाहताना मला नेहमी वाटतं, याच्या मागे कुणीतरी भिजत, गुडघ्यावर बसून, झाडाचं नाव टिपून घेतलेलं आहे. झाडाचं नाव नसेल तर पाकीट निम्मं निकामी. अळंबी मातीतून आली, शेणातून की सडक्या लाकडातून, आणि लाकूड असेल तर कुठल्या झाडाचं, हे जागेवरच लिहावं लागतं.

पुढे शिकवायला लागले तेव्हा फेरी आखणं माझ्याकडे आलं आणि मी माणसं कमी करत गेले. बारा ही मला योग्य संख्या वाटते; एका छत्रीभोवती बारा जण आळीपाळीने वाकू शकतात आणि ओढा ओलांडताना मोजायला सोपे जातात. पुढे गावचं माणूस, शेवटी एक ठरलेला माणूस, आणि शेवटच्याच्या मागे कुणी राहायचं नाही. तीन तासांत किलोमीटरभर चाललो तरी पुष्कळ. ज्यांना शिखर गाठायचं असतं त्यांना मी आधीच सांगते की इथे शिखर नाही. दुपारी दोन-अडीचला परत फिरायचं, कारण घाटमाथ्यावर ढग उतरला की ओळखीची वाटही दिसत नाही आणि ओढा तासाभरात चढतो.

सामान थोडं: भिंग, चाकू, पेन्सिल, कागदी पिशव्या. प्लास्टिकमध्ये अळंबी घामेजून लगदा होते. एका पिशवीत एकच जात. संध्याकाळी समाजमंदिरात छत्र्या कापून अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या कागदावर पालथ्या ठेवायच्या, वर वाटी झाकायची. सकाळी बीजाणूंचा ठसा उमटलेला असतो. मोठ्या पांढऱ्या छत्रीचा ठसा हिरवट आला तर ती बहुधा क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस, पोटाचे हाल करणारी. चांदी किंवा लसूण काळी पडली नाही म्हणजे अळंबी चांगली, ही समजूत साफ खोटी आहे. काही जातींच्या विषाची लक्षणं सहा ते बारा तासांनी दिसतात, तोवर यकृताची हानी सुरू झालेली असते. म्हणून आमच्या पिशवीतलं काहीही चुलीपर्यंत जात नाही. जेवणात अळंबी असलीच तर ती वाडीतल्या मावशींनी स्वतः ओळखून आणलेली, त्यांच्या हातची.

वाडीलगतचं भीमाशंकर 1985 पासून अभयारण्य आहे. 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे आत जायला परवानगी लागते आणि तिथून काही उचलता येत नाही. तेव्हा आत फक्त पाहायचं. पिशवीत घ्यायचं ते वाडीच्या मालकीच्या रानातलं, तेही विचारून. चमकणारी बुरशी पाहायला मी रात्री कुणाला अभयारण्यात नेत नाही. वाडीमागच्या ओल्या फाट्यांवर ती येते. विजेऱ्या आणि फोन बंद करून पंधरा मिनिटं उभं राहिलं की डोळे सरावतात आणि पायाशी हिरवट उजेड दिसायला लागतो.

मात्र मला सगळ्यात जास्त काळजी असते ती जागेची. भंडारदऱ्याकडे काजव्यांच्या दिवसांत गाड्यांच्या रांगा लागतात आणि झाडाखालचं गवत तुडवलं जातं, ते मी पाहिलं आहे. अळंबीचं वारूळ नकाशावर टाकलं तर पुढच्या पावसाळ्यात तिथे काही उरणार नाही. ती जागा कुणाच्या तरी सासूने सुनेला दाखवलेली असते. मावशी आपल्याला तिथवर नेतात हा विश्वास आहे, आणि त्याचा मोबदला त्यांना बाहेरून आलेल्या तज्ज्ञाइतकाच मिळाला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. वर्गणीत तो आकडा मी पहिल्या ओळीत लिहिते, गाडीभाड्याच्याही आधी.

यंदा मावशींनी एक अट घातली: वारुळाकडे जाताना फोन वाडीतच ठेवायचे. फोटो नाहीत, चित्र काढा, त्या म्हणाल्या. मी सगळ्यांना तसं कळवलं. दोघांनी नावं मागे घेतली. त्या दोन जागा आश्रमशाळेतल्या मुलींना दिल्या आहेत. त्यातली एक महादेव कोळी घरातली, मावशींचीच नात. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत वाडीची पानं तीच भरणार आहे, आणि वारुळाच्या जागेचा रकाना कोरा ठेवायचा हे तिने आधीच ठरवलंय.