पावती बघू!

"मी इथे मत देतो" असं म्हटलं की भारतातले नातेवाईक हमखास विचारतात, "म्हणजे पासपोर्ट बदललास की काय?" नाही मंडळी, पासपोर्ट अजून तीन सिंहांचाच आहे. पण ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना इथे मत देता येतं, आणि भारत राष्ट्रकुलात आहे. त्यामुळे ॲबर्डीनला आल्यापासून स्कॉटलंडच्या पार्लमेंटसाठी मी इमानेइतबारे मत देत आलोय.

मत द्यायचं म्हणजे ठरवायचं कोणाला. जाहीरनामे वाचून झोप येते. इंजिनियरची जात, आकडा दिसल्याशिवाय विश्वास बसत नाही. आणि इथे एक आकडा मिळतो: प्रत्येक आमदाराने प्रवास, मुक्काम, ऑफिसभाडं यांवर जनतेचे किती पैसे मागितले. (एकूण १२९ जण. त्यांना एमएसपी म्हणतात, पण आपण आमदारच म्हणू.)

पेपरवाले या आकड्यांची सरळ पक्षवार सरासरी काढून मोकळे होतात. ती सरासरी फसवी असते. आता बघा, १९९९ मध्ये हे पार्लमेंट सुरू झालं तेव्हा ग्लासगोचे सगळे मतदारसंघ मजूर पक्षाकडे होते. ग्लासगोहून एडिंबरा आगगाडीने तासाभराचं. ऑर्कनी आणि शेटलंड ही बेटं मात्र लिबरल डेमोक्रॅट पक्षाकडे. शेटलंडची बोट आमच्या ॲबर्डीनहून संध्याकाळी सुटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोचते. विमानाने जायचं तर तिकीट महाग, शिवाय धुकं पडलं की मुक्काम. मग लिबरलांचा खर्च जास्त निघणार नाही तर काय! त्यात उधळपट्टी नाही, भूगोल आहे.

हे मी बाबांना सांगितलं. बाबा सांगली जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेत. तीस वर्षं लोकांची टीए बिलं तपासली. ते म्हणाले, "अरे, यात विशेष काय? बिल आलं की आधी मुख्यालय बघायचं. मग जवळचा रस्ता कोणता ते. माणूस कोणत्या पार्टीचा हा कॉलमच नसतो त्या फॉर्मात."

बाबांचा हा नियम लावून तीन प्रकरणं बघू. तिघांचीही नावं म वरून हा निव्वळ योगायोग.

पहिले हेन्री मॅक्लिश, मजूर पक्ष, इथले फर्स्ट मिनिस्टर म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री. त्याआधी ते लंडनच्या पार्लमेंटात खासदार होते. तेव्हा मतदारसंघातल्या ऑफिसचा खर्च त्यांना सरकारी भत्त्यातून मिळे, आणि त्याच ऑफिसात त्यांनी पोटभाडेकरू ठेवले होते. ते भाडं वर्षानुवर्षं जमत जमत ३६ हजार पौंडांच्या वर गेलं. हा गोंधळ होता, लबाडी नव्हती, असं त्यांचं म्हणणं. टीव्हीवरच्या कार्यक्रमात एकूण रक्कम किती हे त्यांना सांगता आलं नाही, आणि नोव्हेंबर २००१ मध्ये राजीनामा द्यावा लागला.

त्यांच्यामागे जे हात धुऊन लागले होते, त्यांत हुजूर पक्षाचे स्कॉटलंडमधले नेते डेव्हिड मॅकलेची पुढे होते. चारच वर्षांनी पाळी त्यांची आली. पाचेक वर्षांत टॅक्सीचं बिल साडेअकरा हजार पौंडांच्या घरात! बेटावरचा आमदार असता तर कोणी हूं का चूं केलं नसतं. पण हे एडिंबरा शहरातलेच आमदार, आणि पार्लमेंटही एडिंबऱ्यातच. 'संडे हेरल्ड'च्या पॉल हचिन यांनी माहिती अधिकारात टॅक्सीच्या पावत्या मागितल्या. पार्लमेंटने त्या दिल्या, पण कुठे गेले ते झाकून. प्रकरण माहिती आयुक्त केव्हिन डनियन यांच्याकडे गेलं. ते म्हणाले, पत्ते उघडे करा. उघडे केल्यावर दिसलं की काही खेपा साहेब जिथे वकिली करत त्या फर्मच्या पत्त्यावर होत्या. ३१ ऑक्टोबर २००५ ला त्यांनी नेतेपद सोडलं. (आपला केंद्राचा माहिती अधिकार कायदा लागू झाला तो त्याच महिन्यात, १२ तारखेला.) त्यानंतर पार्लमेंटने सगळ्यांचीच बिलं लोकांसमोर मांडायला सुरुवात केली.

तिसरे मायकल मॅथिसन, स्कॉटिश नॅशनल पार्टीचे, आरोग्यमंत्री. नाताळच्या सुट्टीत कुटुंबासह मोरोक्कोला गेले, सोबत पार्लमेंटचा आयपॅड. पार्लमेंटने फोनकंपनी बदलली होती, यांनी जुनं सिमकार्ड बदललंच नव्हतं. रोमिंगचं बिल जवळजवळ ११ हजार पौंड! त्यातला मोठा हिस्सा एकाच दिवसाचा, २ जानेवारी २०२३ चा, आणि त्या दिवशी होता सेल्टिक-रेंजर्स सामना. आधी म्हणाले, कामासाठी वापरला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सभागृहात सांगावं लागलं की पोरांनी फुटबॉल बघितला. पैसे भरले, फेब्रुवारी २०२४ मध्ये मंत्रिपद सोडलं, आणि मे महिन्यात २७ दिवसांचं निलंबन पदरी पडलं.

आता गंमत बघा. माझ्या ऑफिसातला एक सहकारी पक्का राष्ट्रवादी (इथला, घड्याळवाला नव्हे). २००५ मध्ये तो मॅकलेचींच्या टॅक्सीवर आठवडाभर हसत होता. मॅथिसनच्या वेळी म्हणाला, "पोरं ती पोरंच. पैसे भरले ना परत? मग झालं." शेजारच्या टेबलावरचे हुजूरवाले आजोबा बरोबर उलट. सभागृहातही तेच. नुकतेच फर्स्ट मिनिस्टर झालेले जॉन स्विनी म्हणाले की शिक्षा सुचवणाऱ्या समितीतल्या एका हुजूर सदस्येने आधीच मत बनवलं होतं. मुद्दा अगदीच गैर नव्हता. पण आरोपी दुसऱ्या पक्षाचा असता तर तो त्यांना सुचला असता का, हे मला सांगता येणार नाही. निलंबनाच्या मतदानात त्यांचा पक्ष तटस्थ राहिला.

माझ्यातल्या इंजिनियरला दुसरीच गोष्ट खुपते. याच पार्लमेंटच्या इमारतीचा अंदाज १९९७ मध्ये १ ते ४ कोटी पौंड होता. ती २००४ मध्ये पूर्ण झाली, तीन वर्षं उशिरा, आणि बिल आलं ४१ कोटी ४० लाखांचं! लॉर्ड फ्रेझर यांनी चौकशी केली, पण कुणा एकाच्या माथी दोष मारता आला नाही. ४१ कोटींची पावती कोणाला वाचता येत नाही. टॅक्सीची येते.

मॅथिसन प्रकरण चालू असताना बाबांचा फोन आला.

"काय रे, आपल्या आमदाराची बिलं अशी बघता येतील का?"

"बाबा, आपल्याकडे फोनबिन, टपाल-स्टेशनरी यांसाठी दरमहा ठरावीक भत्ता असतो. पावतीच लावायची नसते, बघणार काय?"

"हं." बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "त्या टॅक्सीवाल्याचं सांग. एडिंबऱ्याचं स्टेशन ते पार्लमेंट, अंतर किती?"

"चालत पंधरा-वीस मिनिटं."

"आणि उतार की चढ?"

"जाताना उतारच."

"बिल नामंजूर," बाबा म्हणाले.