अस्सलपणाची जाडी

लाकडाच्या बाबतीत मी कट्टर होतो. भरीव सागवान तेवढं खरं, प्लायवूडवर चिकटवलेलं विनिअर म्हणजे नुसतं सोंग, अशी माझी ठाम समजूत. ती घरातूनच आली होती. देव्हारा असो की झोपाळ्याची फळी, आतून-बाहेरून एकच लाकूड हीच आमच्याकडे गुणवत्तेची कसोटी. म्हणूनच जपानमधल्या हाकोनेच्या योसेगी-झाइकू या लाकूडकामाच्या कलेतली ती प्रसिद्ध भौमितिक नक्षी म्हणजे पेटीवर डकवलेला पापुद्रा असतो हे कळलं, तेव्हा माझा निम्मा रस ओसरला. आज माझं मत नेमकं उलट आहे. ते का पालटलं, हे सांगायला हवं.

हाकोने हा कानागावा प्रांतातला डोंगराळ मुलूख. एडोहून, म्हणजे आजच्या टोकियोहून, क्योतोला जाणारा तोकाइदो हा जुना राजमार्ग इथला घाट चढून जायचा. त्या वाटेवरच्या हाताजुकु गावात एडो काळाच्या उत्तरार्धात इशिकावा जिन्बेई या कारागिराने ही कला सुरू केली, असं मानतात. भोवतालच्या रानात नाना जातींची झाडं, आणि घाटाने येणारे-जाणारे वाटसरू हे हक्काचं गिऱ्हाईक.

मी पाहिली ती कार्यशाळा घरचीच होती. पुढे दुकान, मागे काम; वडील रंध्यावर, मुलगा काड्या जुळवण्यात. रंगाचा डबा कुठेही नाही. मिझुकीचा पांढरा, निगाकीचा पिवळा, होओनोकीचा हिरवट, अक्रोडाचा तपकिरी, हे सगळे लाकडाचे अंगचेच रंग. काड्या ठरलेल्या कोनात तासायच्या, चिकटवून दोऱ्याने करकचून बांधायच्या. त्या जुडीचे सारख्या लांबीचे तुकडे करायचे आणि ते पुन्हा एकमेकांना जोडून मोठा ठोकळा तयार करायचा. पहिल्या काडीचा कोन केसभर चुकला, तर षटकोनात फट राहते आणि पुढच्या प्रत्येक जोडणीत ती वाढत जाते. सगळी परीक्षा इथेच असते. पापुद्रा निघण्याच्या कितीतरी आधी नक्षी ठोकळ्यात आरपार उभी झालेली असते.

मग वडिलांनी रंधा घेतला. छोट्या हातोडीने पातं किंचित ठोकलं, डोळ्यासमोर धरून पाहिलं, पुन्हा ठोकलं. ठोकळ्यावरून एका दमात रंधा फिरवला, तसा सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचा छिलका गुंडाळत वर आला. त्याला तिथे ‘झुकू’ म्हणतात. मुलाने तो इस्त्रीने सपाट केला आणि माझ्या हातात दिला. भांगेच्या पानांची ती नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसत होती, आणि प्रत्येक त्रिकोणात त्या त्या झाडाच्या रेषा वेगळ्या दिशेने धावत होत्या. पैठणीचा काठ विणलेला असतो, छापलेला नसतो. तशीच ही नक्षी. मी ज्याला सोंग म्हणत होतो, ते त्या अस्सल ठोकळ्याचाच एक काप होतं.

दुसरी गोष्ट त्या घरातल्या पेट्यांनी पटवली. हाकोनेच्या गुप्त पेट्या प्रसिद्ध आहेत. बाजूच्या पट्ट्या ठरावीक क्रमाने सरकवल्याशिवाय त्या उघडत नाहीत. आता प्रत्येक जातीचं लाकूड दमट हवेत वेगवेगळ्या मापाने फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. पाच-सहा जातींच्या जाड तुकड्यांतून ती पेटी केली, तर ताण येऊन सांधे सुटण्याची किंवा पट्टी अडकण्याची भीती. स्थिर लाकडाच्या पेटीवर पातळ झुकू चढवला, की नक्षीही टिकते आणि पट्टीही सरकते. म्हणजे पातळपणा ही इथे कारागिराची सोय नव्हे, वस्तूचीच गरज आहे.

तिसरी गोष्ट काटकसरीची. करवतीने काप काढले असते, तर प्रत्येक कापागणिक नक्षीचा भुसा झाला असता. रंध्याने तसं काही वाया जात नाही. एरवी सुतार जो छिलका झाडून टाकतो, तोच इथे माल असतो. एवढ्या कष्टाने उभा केलेला ठोकळा असा पानापानाने अनेक पेट्यांवर पसरतो. म्हणूनच साध्या प्रवाशालाही त्यातली एखादी परवडते आणि कारागिराच्या घरातली चूल पेटती राहते.

भरीव ठोकळा कातून केलेले योसेगीचे वाडगेही मिळतात आणि ते मला आवडतात. पण आता त्यांना मी वरचा पाट देत नाही. लाकडाचा फोटो छापलेला सनमायका मला आजही खपत नाही, कारण त्याच्यामागे झाडही नसतं आणि हातही नसतो. वस्तू आतपर्यंत एकाच लाकडाची आहे का, हे मी पूर्वी विचारायचो. आता विचारतो, की जे वर दिसतंय ते मुळात कसं घडलं. हाकोनेला गेलात तर जाड-पातळ न बघता झुकूचीच पेटी घ्या, आणि जमलं तर रंधा चालताना बघून मगच घ्या.