चिनी सण आणि आपलं पंचांग

यंदा, म्हणजे २०२५ मध्ये, ६ ऑक्टोबरला आपली कोजागरी झाली. त्याच रात्री चीनमध्ये मध्यशरद उत्सव होता. घरची माणसं एकत्र जमतात, चंद्र बघतात आणि आटीव दुधाऐवजी मूनकेक, म्हणजे सारण भरलेली गोल मिठाई, वाटून खातात. पण गेल्या वर्षी हाच उत्सव १७ सप्टेंबरला, आपल्या अनंत चतुर्दशीला होता आणि कोजागरी महिन्यानंतर आली. टेंभुर्णीत बसून पंचांगाचं गणित करणाऱ्या मला खरा रस आहे तो या महिन्याच्या फरकात.

चिनी वर्षही आपल्यासारखंच चांद्र-सौर. महिने चंद्राचे, आणि ऋतूंशी सांगड तुटू नये म्हणून अधिक महिना. १९ वर्षांत साधारण ७, दोन्हीकडे. मूळ नियमही एकच: ज्या चांद्रमासात सूर्य रास बदलत नाही तो अधिक. फरक एवढाच की ते राशी वसंतसंपातापासून मोजतात, आपण ताऱ्यांपासून. त्यांची मोजणी सायन, आपली निरयन. दोन्हींत आज सुमारे २४ अंशांचं अंतर आहे. यंदा २५ जुलैला लागलेला महिना घ्या. १७ ऑगस्टला सूर्य निरयन सिंह राशीत गेला, म्हणून आपल्याकडे तो साधा श्रावण. सायन मोजणीत मात्र सूर्याने २२ जुलैला रास बदलली ती पुन्हा २३ ऑगस्टलाच, तोवर महिना संपला होता. चीनने तो अधिक सहावा धरला, पुढचे सण महिन्याने सरकले आणि कोजागरीशी गाठ पडली. १७ मे २०२६ ला आपला अधिक ज्येष्ठ लागेल, त्यानंतर महिने पुन्हा जुळतील.

त्यांचा महिना अमावास्येच्याच दिवशी सुरू होतो. यंदाचं लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला, तोच त्यांच्या नवव्या महिन्याचा पहिला दिवस. नवं वर्ष, म्हणजे वसंतोत्सव, २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी यांच्या दरम्यानच्या अमावास्येला येतं. यंदा ते २९ जानेवारीला, मौनी अमावास्येला होतं. त्या सुमारास सारा देश गावी परततो, आणि पौर्णिमेला कंदिलांच्या सणाने सोहळा संपतो. पाचव्या महिन्याच्या पंचमीला कवी छ्यू युआनच्या स्मरणार्थ ड्रॅगनच्या आकाराच्या नावांच्या शर्यती होतात.

मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो सातव्या महिन्याचा सातवा दिवस. गुराखी आणि विणकरीण यांची ताटातूट झाली, मधे आकाशगंगा आडवी आली. वर्षातून या एका रात्री पक्षी पूल बांधतात आणि दोघं भेटतात. त्यांतला गुराख्याचा तारा म्हणजे आपला श्रवण आणि विणकरणीचा अभिजित. ज्या नक्षत्राजवळ पौर्णिमेचा चंद्र येतो म्हणून आपण महिन्याला श्रावण म्हणतो, त्याच ताऱ्याची ही गोष्ट. २०२४ मध्ये हा सण नागपंचमीच्या दुसऱ्याच दिवशी, १० ऑगस्टला होता. ऑगस्टअखेर ढग फाटले की रात्री नऊच्या सुमारास उजनी धरणाच्या काठावरून हे दोन्ही तारे आणि मधला दुधाळ पट्टा स्पष्ट दिसतो.

सण चंद्रावर, शेती सूर्यावर, ही विभागणीही दोन्हीकडे आहे. चीनने सूर्याच्या वाटचालीचे पंधरा-पंधरा दिवसांचे २४ टप्पे केले. २०१६ मध्ये युनेस्कोने त्यांना सांस्कृतिक वारशात स्थान दिलं. आमचा शेतकरी पावसाची नक्षत्रं मोजतो, तीही सूर्याचीच, तेरा-चौदा दिवसांची. मृग ७-८ जूनला निघतो, तर कुसळाच्या धान्यांचा त्यांचा टप्पा ५-६ जूनला येतो. आमच्याकडे रब्बी ज्वारीचा पेरा उत्तरा-हस्ताच्या ओलीवर होतो. उत्तर चीनमध्ये गहू पेरायला २३ सप्टेंबरचा शरदसंपात योग्य मानतात.

इथे मला चीनची पद्धत अधिक बरोबर वाटते. ऋतू संपाताशी बांधलेले आहेत, ताऱ्यांशी नाहीत. आपली निरयन तारीख सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. म्हणून सोलापुरात सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते त्या संक्रांतीला सूर्याचं उत्तरेकडे वळणं तीन आठवड्यांपूर्वीच होऊन गेलेलं असतं. चीनमध्ये अयनदिनाचा सण २१-२२ डिसेंबरलाच होतो. उत्तरेत उकडलेल्या करंज्यांसारखे डंपलिंग खातात, दक्षिणेत तांदळाच्या पिठाचे गोळे. शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या समितीने हे सगळं तपासून सायन वर्षावर आधारलेली राष्ट्रीय दिनदर्शिका सुचवली. ती २२ मार्च १९५७ पासून लागू आहे, पण घराघरांत पोचली नाही. धार्मिक सण परंपरेने चालू द्यावेत. पेरणीच्या नक्षत्रांपुढे मात्र सायन तारखाही छापायला हव्यात, असं माझं ठाम मत आहे.

सूर्यावर चालणारा त्यांचा आणखी एक सण ४-५ एप्रिलला येतो, छिंगमिंग. त्या दिवशी पूर्वजांच्या थडग्यांची साफसफाई करून फुलं वाहतात. चीनमधल्या श-च्याच्वांग शहराच्या हुतात्मा दफनभूमीत डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या थडग्यावरही फुलं वाहिली जातात. हा सोलापूरचा डॉक्टर १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेला, तिथेच संसार मांडला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच वारला. त्यांच्या सोलापुरातल्या घराचं स्मारक झालं आहे. जिल्ह्यातल्या शाळांनी छिंगमिंगच्या दिवशी मुलांना तिथे न्यावं.

वाचकांनी नव्या कॅलेंडरवर दोन खुणा कराव्यात. १७ फेब्रुवारी २०२६, महाशिवरात्रीनंतरची अमावास्या: चिनी नववर्ष. २५ सप्टेंबर २०२६, अनंत चतुर्दशी: मध्यशरद उत्सव.