परिग्रहाच्या वहीत टॅबलेट

चातुर्मासातील व्याख्यानांत आनंद श्रावकाची कथा निघाली की सभेतील व्यापारी मंडळी सावरून बसतात. कारण उघड आहे. कथेत आकडे येतात. वाणिज्यग्रामच्या या गृहस्थाच्या ४ कोटी सुवर्णमुद्रा ठेवीत, ४ कोटी व्यापारात, ४ कोटी घरसंसारात, शिवाय दहा-दहा हजार गायींची चार गोकुळे. भगवान महावीरांपाशी त्याने श्रावकाची बारा व्रते घेतली, तेव्हा यातले काही टाकून दिले नाही. आहे त्याच्या पुढे जाणार नाही, एवढेच ठरवले. मला मात्र उपासकदशांगातील पुढचा तपशील अधिक थक्क करतो. हा कोट्यधीश पुढे ठरवतो की अंग पुसायला अमुक एकाच जातीचा पंचा, दात घासायला ओल्या ज्येष्ठमधाचीच काडी, बोटात नाव कोरलेली अंगठी. कोटींची मर्यादा घातली म्हणून पंचाची मर्यादा आपोआप पडत नाही. तिचा वेगळा विचार करावा लागतो.

आमच्या घरी यंदाच्या दिवाळीत हा पंचा टॅबलेटच्या रूपाने समोर आला.

२०२२ च्या चातुर्मासात मी परिग्रह-परिमाण घेतले. परंपरेने सांगितलेले नऊही प्रकार एका वहीत मांडले: क्षेत्र, वास्तू, हिरण्य, सुवर्ण, धन, धान्य, द्विपद, चतुष्पद आणि कुप्य. द्विपद-चतुष्पदांच्या रकान्यांत आता आपल्यासारख्यांना लिहिण्याजोगे फारसे उरलेले नाही. खरी गर्दी कुप्यात, म्हणजे घरातील भांडीकुंडी, सरसामान यांत होते. त्या पानावर मी एक ओळ लिहिली होती: पडद्याची उपकरणे, घरात सहा. चार मोबाइल, एक टीव्ही, एक टॅबलेट. बाबूजींना मोबाइल नको असतो, म्हणून माणसे पाच असूनही मोबाइल चारच. दुकानाचा संगणक दुकानाच्या खात्यात. सहाही जागा त्याच दिवशी भरलेल्या होत्या.

टॅबलेट आम्ही २०२० मध्ये घेतला, मुलीची शाळा घरात भरू लागली तेव्हा. आठव्या पिढीचा साधा आयपॅड, ३२ जीबीचा, २९,९०० रुपयांचा. मुलगी पुढे शिकायला बाहेरगावी गेली आणि तो बाबूजींकडे आला. बाबूजींचे वय ८२. दृष्टिपटलाच्या मध्यभागाची झीज झाल्यामुळे छापील पुस्तकाची ओळ त्यांना मधोमध पुसल्यासारखी दिसते. पडद्यावर अक्षर दोन बोटांनी मोठे करता येते, हे त्यांना नातीने शिकवले आणि बंद पडलेला स्वाध्याय पुन्हा सुरू झाला. पण उत्तराध्ययनाची स्कॅन केलेली जुनी प्रत म्हणजे शेकडो पानांची छायाचित्रेच. ती उघडायला या यंत्राला आता दम लागतो, साठवण भरली आहे आणि बॅटरी दुपारपर्यंतच टिकते.

अशात १५ ऑक्टोबरला नवा आयपॅड प्रो जाहीर झाला आणि २२ ऑक्टोबरला, म्हणजे ऐन पाडव्याला, वीर निर्वाण संवत २५५२ च्या पहिल्या दिवशी, दुकानांत आला. कंपनीने आपले पंचांग पाहिले असेल असे नाही! ११ इंची ९९,९०० रुपये, १३ इंची १,२९,९००. मुलाने ११ इंचीसोबत कीबोर्ड आणि लेखणी धरून हिशेब मांडला: १,४१,७००. तो म्हणाला, "दुकानात माल दाखवायलाही होईल आणि बाबूजींनाही होईल. दुकानाच्या नावावर घेऊ, म्हणजे तुमची वही मोडत नाही."

युक्तिवाद आपल्या लोकांना लगेच कळेल असा आहे. टॅबलेटवर १८ टक्के जीएसटी असतो. ९९,९०० मध्ये कराचा भाग निघतो १५,२३९ रुपये आणि बिलावर दुकानाचा क्रमांक असला तर तो जमा घेता येतो. पण कायदा हेही सांगतो की वस्तू जेवढी धंद्यासाठी, तेवढीच जमा; घरगुती वापराचा हिस्सा सोडून द्यायचा. बाबूजींचा स्वाध्याय कापडाच्या विक्रीत कसा दाखवणार? करकायदा आणि पाचवे अणुव्रत एकाच जागी येऊन बोट ठेवतात, असे प्रसंग क्वचितच येतात. वस्तू कोणाच्या नावावर आहे याने भागत नाही. ती कोणाच्या हातात आणि मनात आहे, हे दोघेही विचारतात. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या आसक्तीवरूनच केली आहे.

मुलाची दुसरी वाट अधिक हुशारीची होती. टॅबलेट हे ज्ञानोपकरण आहे, ग्रंथासारखे; त्याला मर्यादेत मोजायचेच कशाला? आपल्या परंपरेत ज्ञानाच्या साधनांचा मान मोठा. पाटण, जैसलमेरचे ग्रंथभांडार त्यातूनच उभे राहिले. ज्ञानपंचमीला आपण पोथ्यांची पूजा करतो. मी हे बाबूजींच्या कानावर घातले. ते म्हणाले, "ज्ञानोपकरण असेल तर चांगलेच आहे. मग त्याला पाय लागता कामा नये, उष्ट्या हाताने धरता कामा नये, आणि त्यावर क्रिकेट पाहता येणार नाही. आशातना होते." मुलगा गप्प बसला, कारण त्या रविवारी सामना होता.

या यंत्रात 'स्क्रीन टाइम' नावाची एक सोय आहे. कोणत्या कामावर आठवड्यात किती वेळ गेला, याची ती आपोआप नोंद ठेवते. खतावणीच म्हणा ना. ती मी काढून पाहिली. स्वाध्याय रोज तासाभराचा. उरलेला वेळ व्हिडिओंचा, म्हणजे बाबूजी विश्रांती घेत असताना बाकीच्यांचा, आणि तो स्वाध्यायाच्या दुपटीहून अधिक. ज्ञानोपकरणाचा दावा या खतावणीपुढे टिकेना.

तरीही बाबूजींच्या डोळ्यांचा प्रश्न खराच होता, आणि व्रताच्या आड राहून म्हाताऱ्या माणसाचे वाचन तोडणे मला मान्य नव्हते. म्हणून महाग यंत्र नेमके काय जास्त देते, हे मी व्यापाऱ्याच्या नजरेने तपासले. आमच्या पाच वर्षांपूर्वीच्या टॅबलेटवर एका इंचात २६४ ठिपके आहेत. ३४,९०० रुपयांच्या आजच्या साध्या आयपॅडवर २६४. लाखाच्या प्रोवरही २६४. अक्षराची कोर तिन्हींवर तेवढीच रेखीव. प्रो अधिक उजळ आहे, त्याची काच चकाकत नाही, खिडकीशी बसून वाचणाऱ्याला याचा फायदा निश्चित होतो. १३ इंचीची जाडी ५.१ मिलिमीटर, म्हणजे आपल्या सुती बस्त्याहूनही कमी. चित्रफिती जोडणाऱ्याला, आराखडे काढणाऱ्याला त्याचे मोल असेल. आपल्या दुकानांचा हिशेब ज्या टॅलीत असतो ती या टॅबलेटवर मुळातून चालतही नाही. ब्राउझरमधून अहवाल तेवढे पाहता येतात. बाबूजींची अडचण काचेची नव्हतीच. त्यांचे अक्षर तळहाताएवढे करावे लागते, मग ११ इंचांत दोन-तीन शब्द मावतात आणि प्रत्येक ओळीला पान सरकवावे लागते.

किमतीकडे मी आणखी एका बाजूने पाहिले. दारव्ह्यातल्या आमच्या दुकानाचा गल्ला कापसावर चालतो. यंदा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. ९९,९०० रुपये म्हणजे सव्वाबारा क्विंटलांहून थोडा जास्त कापूस, तोही हमीभाव मिळाला तर. अतिवृष्टीने बोंडे सडलेल्या वर्षी समोर बसलेला गिऱ्हाईक दोन लुगड्यांऐवजी एक घेतो, तेव्हा हा आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. त्याच्यासमोर तो टॅबलेट गादीवर ठेवण्याची कल्पनाच मला अवघड वाटली. हा माझा स्वभाव असेल; दुसऱ्या कोणी आनंदाने ठेवला तर मी त्याला नावे ठेवणार नाही.

हिंसेचा विचार आपल्याकडे खाण्यापिण्यापर्यंत बारकाईने होतो, यंत्रांपाशी येऊन थांबतो. श्रावकाला वर्ज्य पंधरा कर्मादानांत 'स्फोटकर्म' आहे, जमीन फोडण्याचा धंदा. वणीकडच्या उघड्या कोळसा खाणी ज्याने पाहिल्या आहेत त्याला जमीन फोडणे म्हणजे काय, हे समजवावे लागत नाही. बॅटरीत लागणारा कोबाल्ट जगात सर्वाधिक निघतो तो काँगोच्या खाणींतून. कंपन्या आता पुनर्वापरातील धातू वापरत असल्याचे सांगतात, ते चांगलेच. पण चालते यंत्र आणखी काही वर्षे चालवणे, हा त्याहून सोपा मार्ग आपल्या हाती आहे. आमच्या दारव्ह्यावरून धावलेल्या शकुंतला रेल्वेचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला घडले आणि १९९४ पर्यंत गाडी ओढत होते. इथे पाच वर्षांच्या यंत्राला आपण जुने म्हणतो.

उपाय अखेर घरातच सापडला. भिंतीवरचा टीव्ही ४३ इंची आहे. टॅबलेट त्याला एका जोडणीने लावला की उत्तराध्ययनाचे पान भिंतीएवढे होते आणि संपूर्ण ओळ एकदम दिसते. जोडणी नागपूरहून मागवली, त्याच फेरीत बॅटरी बदलून घेतली, मुलीचे जुने व्हिडिओ काढून साठवण मोकळी केली. चौविहार आणि प्रतिक्रमण झाले की आठ वाजता बाबूजी वाचायला बसतात. सामायिकात असताना ते यंत्राला हात लावत नाहीत, म्हणून वाचन आधी की नंतर यावर दोन दिवस चर्चा झाली. श्रीमतींची मालिकाही आठलाच असते. तिला नऊची पुनर्प्रक्षेपणाची वेळ घ्यावी लागली, आणि ती पहिल्या आठवड्यात फारशी प्रसन्न नव्हती.

मुलाच्या म्हणण्यातला दुकानाचा भाग मात्र मला पटला. सुरतेहून येणारे साड्यांचे नमुने मोबाइलच्या पडद्यावर गिऱ्हाइकाला दाखवताना रंग आणि काठ कळत नाहीत. म्हणून ज्ञानपंचमी उलटल्यावर ३४,९०० रुपयांचा साधा आयपॅड दुकानाच्या नावावर घेतला. कराचे ५,३२४ रुपये जमा घेतले, तेही मोकळ्या मनाने, कारण त्यावर साड्यांखेरीज काही पाहिले जात नाही. रात्री तो दुकानातच, गल्ल्यात कुलूपबंद राहतो. मुलगा दोनदा विचारून गेला की रविवारपुरता घरी आणला तर काय बिघडेल. मी त्याला वहीचे पान दाखवले. सातवा पडदा आणायचा तर आधी सहांतला एक बाहेर काढावा लागेल, आणि कोणता, यावर घरात अजून एकमत झालेले नाही.