गवताला इथं सवड मिळाली नाही

शहादा

चि. भाचीबाईस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं, फोटोही. डॉर्चेस्टरजवळच्या मेडन कासल टेकडीवरचा तो गुडघाभर दगडी पाया पाहून तुझी मामी म्हणाली, "एवढ्यासाठी एवढा चढ चढली?" मी मात्र चष्मा पुसून पुन्हा पुन्हा पाहिलं. मधे चौकोनी गाभारा, भोवती चौकोनीच वाट. आपला माणूस तिथं उभा राहिला तर न सांगता प्रदक्षिणेला लागेल. राज्य रोमनांचं, देवाची बांधणी तिथल्या केल्टिक वळणाची, आणि जागा कुठली, तर केव्हाच ओस पडलेला जुना किल्ला. इसवी सनाच्या चौथ्या शतकात लोकांनी तिथं येऊन देऊळ का बांधावं, हा तुझा प्रश्न मलाही पडला.

दुसरा प्रश्न मात्र तू चिडवायला विचारलास: "मामा, तुमच्याकडे आहे का असलं काही?" आहे. आणि तुझ्या टेकडीशी त्याचं नातंही आहे.

ती टेकडी 1934 ते 1937 या काळात मॉर्टिमर व्हीलर यांनी खणली. हेच व्हीलर 1944 मध्ये आपल्या पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले आणि त्यांनी तक्षशिलेला तरुणांसाठी उत्खननाची शाळा भरवली. जमिनीवर चौकटी आखायच्या, मधे मातीचे बांध सोडायचे, म्हणजे कापलेल्या भिंतीवर थर वाचता येतात. त्या शाळेतले एक विद्यार्थी बी. के. थापर. त्यांनी 1954-55 मध्ये कुठं खणलं? आपल्या प्रकाशा गावाला! तापी आणि गोमाईच्या संगमावरच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात. तळाशी तांब्या-दगडाच्या हत्यारांची माणसं, माळवा आणि जोर्वे पद्धतीची रंगवलेली भांडी. त्यावर लोखंड आलं. आणि असं चढत चढत थेट अकराव्या शतकापर्यंत. सविस्तर अहवाल 'एन्शंट इंडिया'च्या 20-21 या जोडअंकात आहे. शहाद्याच्या किती मास्तरांनी तो पाहिला असेल, ते विचारू नकोस.

तुझं पत्र खिशात घालून रविवारी प्रकाशाला गेलो. पाया वगैरे काही दिसला नाही. पांढरीच्या कडेला पावसानं कापलेल्या मातीत खापरं, वर शेळ्या. मग तिथल्याच केदारेश्वराच्या देवळात गेलो. तिथं ऑइलपेंट, गुळगुळीत फरशा, स्टीलचे कठडे. घाटावर दोन-तीन कुटुंबांची दशक्रिया चाललेली, न्हावी घाईत, कावळे निवांत. बॅरेजमुळे तापी तुंबून उभी. काशी करून आलेला माणूस उत्तरपूजेला इथं येतोच, नाहीतर यात्रा अपुरी. सिंहस्थात तर पाय ठेवायला जागा नसते.

फरशांचा राग आला, खोटं कशाला सांगू. नक्षीचा दगड झाकून त्यावर न्हाणीघरातल्या टाइल्स बसवणाऱ्याला मी अजूनही माफ केलेलं नाही. पण घाटावर बसल्यावर वाटलं, तुझ्या टेकडीवरचा पाया इतका स्वच्छ उरला, कारण एक दिवस तिथं येणारे थांबले. मग गवतानं तो जपला, व्हीलरनं उकरला. इथं गवताला ती सवड कुणी दिलीच नाही. नांदत्या घरात आजीची चूल जागेवर राहते का? सुना येतात, ओटा बदलतो. पुष्पदंतेश्वर काय, संगमेश्वर काय, प्रत्येक पिढीनं आपल्या ऐपतीनं आणि आपल्या आवडीनं, म्हणजे बहुतेकदा वाईट आवडीनं, डागडुजी केली. जुनं सगळं खाली गेलं. ते पाहायचं तर वरच्यांना उठवावं लागेल, आणि तेराव्याला आलेल्या माणसाला 'जरा सरका, खणायचंय' असं कोण म्हणणार?

तुमच्या त्या देवळात कुणाची पूजा व्हायची हे नक्की ठरत नाही म्हणे. मिनर्व्हाचा लहानसा पत्रा सापडला, शिवाय तीन शिंगांचा एक काशाचा बैल, पाठीवर माणसांच्या आकृती घेतलेला. तो डॉर्चेस्टरच्या संग्रहालयात असावा. पुढच्या सुट्टीत जाऊन त्याचा फोटो काढ, बाजूनंही आणि समोरूनही. तीन शिंगं आणि पाठीवर बिऱ्हाड, असा नंदी मी अजून पाहिलेला नाही. मामी म्हणते, फोटोच्या नादात भिजू नकोस.

तुझा,
मामा