फोपनारच्या विहिरीवरची मोटर

पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना फोपनार हे नाव ठाऊक असते ते १९६४ मध्ये तेथे सापडलेल्या ब्राँझच्या बुद्धमूर्तींमुळे. वाकाटककाळातील, अजिंठ्याच्या शिल्पाशी नाते सांगणाऱ्या त्या मूर्ती पाहावयाच्या तर दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय गाठावे लागते. गावात पाहावयाची ती केळी. बऱ्हाणपूरहून निघालेली गाडी शिवारात शिरली की रस्त्याच्या दोहों अंगांना हिरव्या पानांच्या भिंती उभ्या राहतात. बोली अशी की, मराठी कोठे संपली आणि हिंदी कोठे सुरू झाली हे बोलणाऱ्यालाही सांगता येऊ नये.

गेल्या वैशाखात आमचा मुक्काम तेथे एका आप्तांकडे होता. वाट पाहत बसलेल्या घरात असते तशी शांतता त्या घरात होती, आणि तिचे कारण विहिरीवरची मोटर. आसपासच्या बहुतेकांनी आता पाण्यात बुडणाऱ्या मोटरी बसविल्या आहेत. यजमानांची मात्र जुनी, विहिरीच्या कठड्याजवळ ओट्यावर बसविलेली. आठ दिवसांपासून ती किंचाळत होती, आणि किंचाळण्याखाली आणखी एक आवाज होता, पत्र्याच्या डब्यात खडी हालवावी तसा. बाग नुकतीच निसवलेली. घड भरण्याच्या दिवसांत चार दिवस पाणी चुकले तर वर्षाची मेहनत हलकी होते, आणि शेतीची वीज तर ठरावीक तासच मिळते.

मिस्त्री आले ते मोटरसायकलवर, खांद्याला पिशवी अडकवून. आल्याबरोबर त्यांनी कशालाही हात लावला नाही. लांब पेचकसाचे टोक बेअरिंगच्या घरावर टेकविले, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. वैद्याने नाडी पाहावी तसेच ते दृश्य. कोरडे बेअरिंग किंचाळते, झिजलेले घरघरते, आणि तीनपैकी एक फेज गेला तर मोटर नुसतीच गुणगुणत तापते व अखेर वायंडिंग जळते, असे त्यांनी आम्हांस समजावून सांगितले. मग वीज तोडून पुलरने पुढचे बेअरिंग काढले. आतले ग्रीस वाळून लाखेसारखे झाले होते.

परदेशी असलेल्या आमच्या भाच्याने अशीच एक हकिगत पूर्वी कळविली होती. त्याच्याकडे एक जुनी जपानी मोटार आहे. तिचे पुढचे दिवे एरवी बोनेटात लपलेले असतात आणि कळ दाबली की पापणी उघडावी तसे वर येतात. या दिव्यांची सुरुवात १९३६ च्या अमेरिकन कॉर्ड गाडीने केली, तीही हाताने दांडा फिरवून. पुढे हे काम छोट्या विजेच्या मोटरींकडे आले, आणि २००४ नंतर ही तऱ्हा मोठ्या संख्येने होणाऱ्या गाड्यांतून लोपली. भाच्याच्या गाडीचे दिवे उघडताना करकर वाजत. त्याने मोटर बदलली, तरी करकर तशीच. शेवटी उकलले तेव्हा दिसले की मोटरीपासून दिव्यापर्यंत जाणाऱ्या दांड्यांच्या सांध्यांतले प्लॅस्टिकचे बुश झिजले होते. चार बुश व बोटभर ग्रीस यांवर काम भागले.

फोपनारलाही तेच झाले. नवे बेअरिंग बसले, किंचाळणे थांबले, खडी मात्र वाजतच राहिली. मिस्त्रींनी फुटव्हॉल्व्हची जाळी काढून साफ करविली; फरक नाही. मग ते यजमानांना म्हणाले, “दादा, मोटरीचं दुखणं गेलं. हा आवाज पाण्याचा आहे. विहीर खाली गेली तुमची.”

कठड्यावरचा पंप पाणी ओढून घेतो, ते खरे तर हवेच्या दाबाच्या जोरावर. व्यवहारात ही ओढ सहा-सात मीटरांपुढे चालत नाही. पाणी त्याहून खाली गेले की पंपाच्या तोंडाशी बुडबुडे होतात आणि आतल्या पंख्यावर आपटून फुटतात. ती खडी म्हणजे हे बुडबुडे. लोखंडाला ते कुरतडतात. यजमान बराच वेळ बोलले नाहीत. मोटर बिघडली असती तर पैसा लागला असता, एवढेच.

बऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्याची आठवण येथे झाल्यावाचून राहिली नाही. १६१५ मध्ये, अब्दुर्रहीम खानखानानच्या सुभेदारीत, इराणी भूगर्भवेत्ता तबकुतुल अर्ज याने सातपुड्याच्या पायथ्याचे झिरपणारे पाणी भुयाराने एकमेकींस जोडलेल्या कुंड्यांतून शहरात आणले. उतारापलीकडे त्याला कसलीच शक्ती लागत नाही.

दुसऱ्या दिवशी चेनकप्पी लावून मोटर विहिरीत आडव्या गर्डरवर, पाण्याच्या जवळ उतरविली आणि वरचा व्हॉल्व्ह थोडा आवळला. धार किंचित बारीक झाली, खडी थांबली. यजमानांनी सुंभाला गाठ मारून पाण्याची पातळी मोजली, आणि आता दर सोमवारी ते तशी गाठ मारतात, असे परवाच्या पत्रात आहे. मृगापर्यंत तीन गाठी खाली सरकल्या होत्या.