कवेलू, पत्रे की स्लॅब?



पावसाळा तोंडावर आला की इंदूरच्या जुन्या वस्त्यांमध्ये घरोघरी एकच काळजी असते, यंदा छत टिकेल ना? 2024 च्या पावसात हा प्रश्न आमच्याही घरी येऊन ठेपला.

आमच्या पुढच्या दोन खोल्यांवर कवेलू आहेत. मराठीत त्यांना कौले म्हणतात. पण आमचे शाळा-कॉलेज हिंदीत झाले, त्यामुळे तोंडात कवेलूच बसले आहे. मागच्या खोलीवर बाबांनी 1984 साली बोनसच्या पैशांतून सिमेंटचे पत्रे घातले होते. तिथे आई झोपते. वय ब्याऐंशी. एका पत्र्याला तडा गेला आणि पाणी थेट तिच्या पलंगावर गळू लागले.

मिस्त्री म्हणाला, "सीधे लेंटर डलवा लो, पचास साल की छुट्टी." घरातल्या निम्म्या मंडळींना ते पटले. मग आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. चार इंची स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला सुमारे 250 किलो. खोली 12 चौरस मीटर, म्हणजे डोक्यावर तीन टन! भिंती मातीत बांधलेल्या. आपल्याच शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने, जो आज इंजिनीअर आहे, भिंती पाहून स्पष्ट सांगितले, "सर्वांत आधी हा विचार सोडा."

अर्धा मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा दर चौरस मीटरला जेमतेम चार-पाच किलो. स्वस्त आणि झटपट. पण मे महिन्यात इंदूरचा पारा 40 च्या वर जातो आणि पावसात पत्रा ताशासारखा वाजतो. आई हसून म्हणाली, "आवाजाचं काय, मला कुठे ऐकू येतंय! उन्हाचं तेवढं बघा."

शेवटी मंगलोरी कवेलू ठरले. 1865 साली बासेल मिशनने मंगळूरला त्यांचा कारखाना काढला, तेव्हापासून ते देशभर पोहोचले. खाचेत खाच बसते आणि फुटले तर एकच बदलता येते. मात्र त्यांना चांगला उतार लागतो, नाहीतर पाणी उलटे आत शिरते. म्हणून एका बाजूची भिंत दोन फूट उंच केली आणि वासे नवे घातले.

खरी अडचण जुने पत्रे काढण्याची होती. मजूर हातोडा घेऊनच वर चढला होता. त्याला आम्ही थांबवले. त्या काळच्या अशा पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असे. ते कापले, फोडले की त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू श्वासातून फुप्फुसात जातात. जागतिक आरोग्य संघटना ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगकारक मानते. म्हणून पत्रे पाण्याने भिजवले, बोल्ट सोडवून अख्खे उतरवले आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळले. हे करताना मान खाली जात होती. 1998 साली टीव्हीच्या अँटेनासाठी याच पत्र्यांना आम्हीच ड्रिलने भोके पाडली होती आणि मुले खाली खेळत होती. तेव्हा ठाऊक नव्हते, एवढेच म्हणता येते.

पत्रे उतरले त्या दिवशी आई गप्प होती. बाबांच्या हातची शेवटची वस्तू जात होती. संध्याकाळी तीच म्हणाली, "त्यांनी तेव्हा परवडलं ते घातलं. तुम्ही आता समजलं ते घाला."

मराठीत 'कौल' म्हणजे निर्णयसुद्धा, हे आम्हाला फार उशिरा, या शाळेत आल्यावर कळले. आमच्या घरी तो आईने दिला.

पालकांना एकच विनंती. घरावर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते फोडू नका, कापू नका, आणि काढायची वेळ आली तर मुलांना तेवढे दिवस दूर ठेवा.